खाण्याच्या दोन भागांमध्ये दडलेला बिब्बा

हिवाळा सरत आला की विदर्भ-मराठवाड्याच्या पानझडी रानात बिब्ब्याची फळं पिकतात. फळ मोठं चमत्कारिक. वर केशरी, गरदार 'फूल', खाली काळीभोर बी. फूल म्हणतात तो खरा फुगलेला देठ. तो भाजून किंवा वाळवून खातात. बी फोडली की आत पांढरी गोडांबी, हिवाळ्यातल्या डिंकाच्या लाडवांची शान. दोन्ही खाण्याजोगे, घात करतं ते मधलं टरफल.

टरफलाच्या बारीक पोकळ्यांत दाट, काळपट तेल असतं. त्यातली फिनॉल वर्गातली रसायनं त्वचेत मुरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात. शरीराला ही बदललेली प्रथिनं परकी वाटतात आणि प्रतिकारपेशी तुटून पडतात. म्हणून बिब्बा लगेच उतत नाही. बहुधा एक-दोन दिवसांनी खाज, सूज, पाण्याचे फोड येतात. काजूच्या टरफलाचं तेलही असंच पोळतं. दोघं एकाच कुळातले, आणि आंबासुद्धा!

हेच तेल धोब्यांची शाई होतं. बी टोचून निघालेल्या रसाने कपड्यावर खूण करायची, वर चुना लावायचा. चुन्याच्या अल्कलीमुळे रसाचं ऑक्सिडीकरण झपाट्याने होतं आणि काळा डाग पक्का बसतो. कितीही धुवा, निघत नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर नेमकं खुणेच्या जागी पुरळ उठू लागलं, तेव्हा डॉक्टरांनी १९४३ मध्ये या विकाराची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली. गावात मात्र कोणाला बिब्बा 'सोसत नाही' हे घरोघरी ठाऊक असे.

आयुर्वेदातला भल्लातक तो हाच. औषधात घेण्याआधी तो विटेच्या भुकटीत घोळून-चोळून धुतात. भुकटी तेल शोषून घेते. शोधनाची ही पद्धत रसायनशास्त्रालाही पटण्यासारखी आहे.

गोडांबी महाग का, याचं उत्तर ती फोडणाऱ्या बायांच्या हातांवर दिसतं. हाताला राख किंवा तेल चोळून त्या दगडावर एकेक बी ठेचतात. तरी तेल उडतं, बोटं काळी पडतात, सालपटं निघतात. या कष्टाचं मोल बाजारात क्वचितच होतं.

टाचेच्या भेगांवर तापवलेल्या बिब्ब्याचा चटका देण्याचा घरगुती उपाय अजून चालतो. वाचकांनी तो करून पाहू नये. आपल्याला बिब्बा सोसतो की नाही, हे फोड आल्यावरच कळतं.