आधी कळतं ते ऐकणाऱ्याला

विमानात बसवलेलं रडार ही मुळात वेल्श माणसाची करामत. एडवर्ड बोवेन कार्डिफपासून साठेक किलोमीटर पश्चिमेच्या स्वान्झीचे. १९३७ साली त्यांच्या तुकडीने अ‍ॅन्सन विमानातून समुद्रावरच्या युद्धनौका रडारवर टिपल्या. २ जानेवारी १९४१ च्या रात्री कार्डिफवर जर्मन बॉम्ब पडले, तेव्हा असे संच रात्रीच्या लढाऊ विमानांत बसू लागले होते.

रडारची लहर लक्ष्यावर आपटून परत यावी लागते, त्यामुळे प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो. शत्रूच्या रडारचा इशारा देणारा विमानातला रिसीव्हर मात्र फक्त येणारी लहर ऐकतो. तिथे घट वर्गाचीच. अंधारात बॅटरी घेऊन चोर शोधायला निघालात, तर चोरालाच तुम्ही आधी दिसणार!

‘डीसीएस’सारख्या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये नवखे फसतात ते या रिसीव्हरच्या पडद्यावरच्या वर्तुळाला नकाशा समजून. दिशा ठीक, पण चिन्ह मध्यापासून किती लांब, हे लहरीची ताकद किंवा धोक्याची पातळी सांगतं, किलोमीटर नव्हे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बरच्या शेपटीतल्या ‘मोनिका’ या इशारा-रडारचाच माग काढत जर्मन विमानं येत. जुलै १९४४ मध्ये एक जर्मन युंकर्स चुकून इंग्लंडात उतरलं, तेव्हा त्यातल्या रिसीव्हरवरून हे उघड झालं. मोनिका लगेच काढून टाकली.