कुंडींतील निवडुंग

आमच्या वेळापुरांत निवडुंग म्हटला कीं शेताचें कुंपण डोळ्यांपुढें उभें राहतें. असलें झाड घरांत ठेवावें असें कोणीं सुचविल्यास वडील मंडळी हंसतात. तथापि ज्या घरीं झाडांची निगा राखण्यास वेळ नाहीं, किंवा चैत्र-वैशाखांत पिण्याच्या पाण्याचीच ओढ असते, त्या घरास शोभा देणारें याच्यासारखें झाड क्वचितच सांपडेल. म्हणून विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस त्याची थोडी ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कुंपणाचा त्रिधारी निवडुंग आणि ज्यास कॅक्टस म्हणतात तो, हे एका कुळांतले नव्हत. त्रिधारीची फांदी मोडतांच पांढरा चीक गळतो. तो डोळ्यांत गेल्यास दृष्टीस इजा होते. म्हणून लहान मुलांच्या घरीं तो लावूं नये. कॅक्टसचे कांटे लहानशा लवदार गादीवर उगवतात, हीच त्याची खूण होय. त्याचें मूळ घर अमेरिका खंड. फड्या निवडुंग तिकडूनच आपल्याकडे आला, आणि अलीकडे सोलापूर जिल्ह्यांत ज्याच्या बागा दिसतात तें ड्रॅगन फ्रूटही याच कुळांतलें.

याला पाणी इतकें थोडें कां पुरतें? पानांतून पाण्याची वाफ होऊन जाते. कॅक्टसनें पानांचे कांटे केले आणि पाणी जाड खोडांत साठविलें. इतर झाडांचीं सूक्ष्म छिद्रें दिवसां उघडीं असतात. याचीं मुख्यतः रात्रीं, हवा थंड असतां उघडतात. रात्रीं घेतलेला कर्बवायु तें आम्लाच्या रूपानें राखून ठेवतें व दिवसां सूर्यप्रकाशांत त्यापासून आपलें अन्न तयार करतें.

आतां लागवडीविषयीं. तळाशीं भोंक असलेली मातीची कुंडी घ्यावी. निम्मी जाड वाळू, निम्मी माती व मूठभर कुजलेलें शेणखत एकत्र करावें. निव्वळ काळी माती पाणी धरून ठेवते, ती नको. फड्याचें एक पान कापून आठवडाभर सावलींत ठेवावें, आणि जखम सुकल्यावर लावावें. कुंडी खिडकींत, सकाळचें ऊन लागेल अशी ठेवावी. माती तळापर्यंत कोरडी झाल्याखेरीज पाणी घालूं नये. थंडींत तर महिन्यांतून एखादे वेळ पुरे. पावसाळ्यांत कुंडी छपराखालीं घ्यावी.

हा शेवटचा नियम आम्ही स्वतः चुकून शिकलों. नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर ऊंस पिकविणाऱ्या या भागांत पाणी देणें म्हणजेच माया करणें, अशी हाताला संवय. पहिल्या कुंडीस आम्हीं रोज सकाळीं तांब्याभर पाणी घातलें. झाड टवटवीत दिसलें, आम्हांस आनंद झाला. पण पंधरवड्यांत बुंधा पिवळा पडून मऊ झाला आणि एके दिवशीं तें आडवें झालें. तहानेनें सुरकुतलेला निवडुंग पाणी मिळतांच पुन्हां भरतो. कुजलेला बहुधा हातचा जातो.

तेव्हां मुलांनो, कुंडी लावाल त्या दिवसापासून एक वही ठेवा. पाणी घालण्यापूर्वीं मातींत काडी खुपसून पाहा, ओली निघाली तर तांब्या परत न्या, आणि पाणी घातलेली तारीख तेवढी लिहून ठेवा. वर्षअखेर वहींत तारखा थोड्या आणि कुंडींत झाड जिवंत, असें दिसल्यास काळजी उत्तम घेतली असें समजावें.