कानाची सूज : कच्ची आणि पिकलेली

आषाढ लागला की कोयनानगरभोवतीच्या डोंगरांवर ढग उतरतात आणि भाद्रपद सरेपर्यंत क्वचितच हटतात. वर्षाकाठी सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या परिसरात शिवसागर भरत जातो, भिंतींना ओल येते, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. हीच ओल माणसाच्या कानातही मुक्काम करते. प्रथम खाज सुटते, मग कोणी केसातील पिन, कोणी काडीचे टोक कानात फिरवतो आणि चार दिवसांत कान ठणकू लागतो. घरात कोमट तेलाची वाटी पुढे येते. पाटणला किंवा पुढे कराडला नेण्याचा विचार पावसाच्या उघडिपीवर सोपवला जातो. बहुतेक वेळा कान बरा होतो. परंतु काही कानांच्या बाबतीत ही दिरंगाई फार महाग पडते. म्हणूनच कोणती सूज थांबू देते आणि कोणती देत नाही, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असले पाहिजे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे 28 रोग गणले आहेत. त्यांत कर्णशूल, कर्णकंडू, कर्णस्राव, कर्णपाक यांच्याबरोबर चार प्रकारचा शोफ, म्हणजे सूज, आणि दोन प्रकारचा विद्रधी, म्हणजे गळू, यांची नोंद आहे. विद्रधीचा एक प्रकार दोषांच्या प्रकोपाने होतो, तर दुसरा जखमेमुळे. पिन फिरवून झालेल्या ओरखड्यातून उठणारे गळू या दुसऱ्या प्रकारात सहज ओळखू येते.

आधुनिक वैद्यक हीच गोष्ट वेगळ्या भाषेत सांगते. कानाची बाहेरची नळी प्रौढ माणसात सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्यातील मळ किंचित आम्लधर्मी असून तो जंतूंना रोखतो. सतत ओल राहिली, किंवा मळ काढण्याच्या नादात त्वचा खरवडली गेली, की हे संरक्षण नाहीसे होते. मग जिवाणू किंवा बुरशी तेथे वाढतात, त्वचा सुजते आणि नळी अरुंद होते. कानाची पाळी ओढल्यावर किंवा कानाच्या तोंडाशी असलेला लहान उंचवटा दाबल्यावर कळ आली, तर दुखणे बहुधा या बाहेरच्या नळीचे असते.

याहून गंभीर सूज कानाच्या कुर्चेची. महाराष्ट्रात कानाच्या वरच्या कडेला बुगडी आणि भिकबाळी घालण्याची जुनी रीत आहे. आज तरुण मुली तेथेच नव्या तऱ्हेचे दागिने घालतात. कानाच्या मऊ पाळीत कुर्चा नसते. वरच्या भागात मात्र असते. कुर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण तिच्यावरील पातळ आवरणातून होते. टोचलेल्या जागी जंतुसंसर्ग होऊन आवरण आणि कुर्चा यांच्यामध्ये पू साठला, तर कुर्चेचे पोषण तुटते, ती मरू लागते आणि कान कायमचा आक्रसून वेडावाकडा होतो. वरचा कान लाल, गरम, सुजलेला आणि खालची पाळी मात्र पूर्ववत, ही या आजाराची खूण आहे. अशा वेळी तेल, लेप आणि प्रतीक्षा यांना जागा नाही.

प्राचीनांना या धोक्याची जाण होती. सुश्रुताने कान टोचण्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला. दैवकृत छिद्र सूर्यप्रकाशात पाहून तेथेच टोचावे, असे सांगून त्याने चुकीच्या जागी सुई गेल्यास ज्वर, दाह, सूज आणि वेदना कशा उद्भवतात, याचेही वर्णन केले. सुजेच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्थाही त्याने सांगितल्या. कच्ची सूज कापणारा आणि पिकलेली सूज तशीच ठेवणारा, असे दोघेही वैद्य त्याच्या लेखी सारखेच निंद्य आहेत. पू झाला की त्याला वाट करून दिली पाहिजे, हा आजच्या शल्यचिकित्सेचाही नियम आहे. साताऱ्याच्या एका जुन्या आयुर्वेद महाविद्यालयाचे नावच ‘आर्यांग्ल’ आहे. दोन्ही विद्यांनी एकमेकींकडे पाहावे, ही अपेक्षा त्या नावातच आहे. आणि कानाच्या सुजेत ती पुरेपूर पटते.

काही लक्षणे दिसताच रुग्णास त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावे. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकललेला दिसणे, हे मध्यकर्णाचा संसर्ग मागच्या हाडात पसरल्याचे चिन्ह असते आणि तेथून मेंदूला धोका पोहोचू शकतो. मधुमेही वृद्धाचा कान रात्री झोप मोडण्याइतका दुखत असेल, चेहरा एका बाजूला वाकडा होत असेल, तीव्र ताप, चक्कर वा अचानक बहिरेपणा असेल, तरीही विलंब करू नये. कानातून पू किंवा पाणी येत असेल, तर पडद्याला छिद्र असण्याची शक्यता असते. अशा कानात स्वतःच्या मनाने तेल किंवा जुने थेंब घालू नयेत. काही औषधी थेंब छिद्रातून आत गेल्यास श्रवणशक्तीलाच अपाय करतात.

चातुर्मासातील व्रते आणि औषधे यांचा मेळही आधीच घालावा. रात्रीभोजनाचा त्याग किंवा उपवास असल्यास डॉक्टरांना प्रारंभीच सांगावे, म्हणजे शक्य तेथे ते दिवसा घेता येतील अशी औषधे देतात. कॅप्सूलचे वेष्टन बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. गोळीचा पर्याय मागता येतो. हा विवेक नवा नाही. राष्ट्रकूट काळातील जैन आचार्य उग्रादित्यांचा ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ मांसाचा आधार न घेता चिकित्सा सांगतो. मात्र न सांगता औषध अर्धवट सोडणे हे व्रतपालन ठरत नाही. त्याने आजार बळावतो.

उरते ती रोजची काळजी. भिजल्यावर कान स्वच्छ कपड्याने बाहेरूनच टिपावा, आत काही घालू नये. कान टोचायचाच असेल तर निर्जंतुक सुईने टोचावा, जखम भरेपर्यंत तो कोरडा ठेवावा आणि वरच्या कडेला टोचणे भर पावसाळ्यात तरी टाळावे. डोंगरात पाऊस थांबण्याची वाट पाहणे अंगवळणी पडलेले असते. पिकू लागलेली सूज मात्र उघडिपीची वाट पाहत नाही.