विश्लेषण : फोन आणि संगणक वायरशिवाय कसे जोडायचे? ‘सिंक’ म्हणजे ‘बॅकअप’ का नव्हे?

बोरिवली-चर्चगेट किंवा मुलुंड-सीएसएमटी असा रोजचा प्रवास करणाऱ्यांच्या खिशातल्या फोनमध्ये आता केवळ नंबर नसतात. मुलांच्या मार्कशीट, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या, रक्ततपासणीचे अहवाल, घरच्या कार्यांचे फोटो असे सगळे त्यातच असते. गर्दीत फोन गेला किंवा पावसात भिजून बंद पडला, तर हे सगळे त्याच्याबरोबर जाते. घरी लॅपटॉप असतो, पण केबल शोधून दर रविवारी फाइल उतरवून घ्यायचा उत्साह कुणाला? हे काम घरच्या वाय-फायवरून आपोआप होऊ शकते. मात्र जोडणीआधी एक फरक नीट समजून घ्यायला हवा. 

पाठवणे, सिंक आणि बॅकअप यांत फरक काय?

पाठवणे म्हणजे एखादी फाइल एकदाच फोनवरून संगणकावर टाकणे. त्यानंतर दोन्ही प्रतींचा एकमेकींशी संबंध राहत नाही. सिंक म्हणजे दोन्हीकडचे फोल्डर सतत सारखे ठेवणे. एकीकडे फोटो आला की दुसरीकडे येतो आणि एकीकडे पुसला की दुसरीकडचाही पुसला जातो. बॅकअप म्हणजे वेगळी जपून ठेवलेली प्रत. मूळ फाइल पुसली तरी ती शाबूत राहायला हवी. रोजच्या बोलण्यात आपण या तिन्हींना ‘लॅपटॉपवर घेतले’ असेच म्हणतो आणि घोळ तिथेच होतो.

गल्लत झाली तर काय होते?

याचा फटका प्रस्तुत लेखकाच्याच घरात बसला. आईच्या फोनमधला कॅमेऱ्याचा फोल्डर लॅपटॉपशी सिंक करून दिला आणि ‘आता फोटो लॅपटॉपवर आहेत, काळजी नको’ असे सांगितले. काही दिवसांनी फोनची जागा भरली. तिने सांगितल्याप्रमाणे विश्वास ठेवून जुने फोटो पुसले. सिंकने त्याचे काम चोख केले आणि लॅपटॉपवरचेही पुसले. रीसायकल बिनमध्ये काहीच नव्हते, कारण असे अ‍ॅप फाइल थेट काढून टाकू शकते. त्यात आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो होते. काही नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून परत मिळाले, पण कमी दर्जाचे. बाकीचे गेले. चूक अ‍ॅपची नव्हती, ते लावून देणाऱ्या इंजिनीअरची होती.

सुरुवात कुठून करायची?

फक्त अधूनमधून फाइल हलवायच्या असतील तर सिंकची गरजच नाही. पूर्वी यासाठी अनेकांच्या फोनमध्ये शेअरइट किंवा झेंडर असे. केंद्र सरकारने २९ जून २०२० रोजी ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत ही दोन्ही होती. आता पुढील पर्याय आहेत.

* क्विक शेअर : अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय असते. विंडोज संगणकावर गुगलचे याच नावाचे अ‍ॅप टाकावे. दोन्हीकडे ब्लूटूथ व वाय-फाय चालू ठेवावे आणि फोन संगणकाजवळ असावा.
* लोकलसेंड : मोफत, मुक्तस्रोत. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालते. खाते उघडावे लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. दोन्ही उपकरणे एकाच वाय-फायवर असली की पुरे.
* आयफोन आणि मॅक : एअरड्रॉप पुरेसे आहे. वाय-फायवरून सिंक हवे असेल तर पहिल्यांदा केबल लावून मॅकच्या फाइंडरमध्ये ‘वाय-फायवर असताना हा आयफोन दाखवा’ या अर्थाचा पर्याय निवडावा लागतो.

विंडोजमधले ‘फोन लिंक’ हे तिसऱ्याच कामासाठी आहे. ते फोनवरचे मेसेज, नोटिफिकेशन आणि अँड्रॉइडचे अलीकडचे फोटो संगणकाच्या पडद्यावर दाखवते. ती खिडकी आहे, कपाट नव्हे. तिथे फोटो दिसतो म्हणजे तो संगणकात साठला, असे समजू नये.

आपोआप सिंक कसे लावायचे?

‘सिंकथिंग’ हा मोफत, मुक्तस्रोत पर्याय आहे. फाइल कुणाच्या सर्व्हरवर साठत नाहीत, आपल्याच दोन उपकरणांमध्ये राहतात. त्याच्या मूळ अँड्रॉइड अ‍ॅपचा विकास डिसेंबर २०२४ मध्ये थांबला. त्यावर आधारित स्वतंत्र आवृत्ती ‘सिंकथिंग-फोर्क’ नावाने मिळते. पायऱ्या अशा :

१. संगणकावर सिंकथिंग सुरू करा. ते ब्राउझरमध्ये उघडते. तिथल्या मेन्यूत उपकरणाचा क्यूआर कोड दिसतो.
२. फोनमधल्या अ‍ॅपने तो स्कॅन करा. संगणकावर विचारणा येईल, तिला मंजुरी द्या.
३. फोनमधला फक्त कॅमेऱ्याचा फोल्डर निवडा. सगळी मेमरी एकदम जोडू नका.
४. फोनकडून तो ‘फक्त पाठवा’ आणि संगणकाकडून ‘फक्त घ्या’ असा ठेवा. म्हणजे संगणकावर काही चुकून बदलले तरी फोनमधले फोटो सुरक्षित राहतात.
५. संगणकावर त्या फोल्डरसाठी ‘फाइल व्हर्जनिंग’ चालू करा. ही पायरी वगळू नका. ‘फक्त पाठवा’ असले तरी फोनवरचे पुसणे संगणकापर्यंत पोहोचतेच. व्हर्जनिंग असेल तर पुसलेला फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये उरतो.
६. अ‍ॅप फक्त वाय-फायवर आणि चार्जिंग चालू असताना चालेल असे ठेवा. बॅटरी आणि डेटा पॅक दोन्ही वाचतात.

महिन्यातून एकदा संगणकावरचा हा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून डिस्क काढून ठेवली, की तो खरा बॅकअप झाला.

फोन संगणकाला दिसतच नाही, तर?

बहुतेकांची गाडी इथेच अडते. आधी दोन्ही उपकरणे एकाच राउटरवर आहेत का ते पाहा. एक ‘गेस्ट’ वाय-फायवर असेल तर ती एकमेकांना दिसत नाहीत. विंडोजमध्ये घरचे नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदले असेल तर फायरवॉल आडवी येऊ शकते. ते ‘प्रायव्हेट’ करावे. आयफोनमध्ये अ‍ॅपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी लागते. अँड्रॉइडमध्ये बॅटरी वाचवण्याची सेटिंग अ‍ॅपला मागच्या मागे बंद करते. त्या अ‍ॅपला तिथून सूट द्यावी.

घरी वाय-फाय नसेल तर फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडता येतो. लोकलसेंडने फाइल पाठवताना डेटा पॅक खर्च होत नाही. मात्र हॉटस्पॉट मिळताच लॅपटॉप स्वतःचे अपडेट उतरवू लागेल, म्हणून विंडोजमध्ये ती जोडणी ‘मीटर्ड’ करून ठेवावी.

सार्वजनिक वाय-फायवर हा खटाटोप करू नये. रेलटेल आणि गुगलने जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून स्थानकांवर मोफत वाय-फाय सुरू केले, तेव्हापासून ते आपल्या सवयीचे झाले आहे. पण अशा नेटवर्कवर ग्राहकांची उपकरणे सहसा एकमेकांपासून वेगळी ठेवलेली असतात. ते सुरक्षेसाठी आवश्यकच आहे.

वेग कमी का मिळतो?

घाटकोपर किंवा अंधेरीतल्या एखाद्या इमारतीत वाय-फायची यादी उघडली की शेजाऱ्यांच्या राउटरची डझनभर नावे येतात. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच मानले जातात : १, ६ आणि ११. सगळी इमारत त्यांतच दाटीवाटीने बसते. राउटर ‘ड्युअल बँड’ असेल तर दोन्ही उपकरणे ५ गिगाहर्ट्झवर घ्यावीत. त्याची लहर भिंतीपलीकडे लवकर क्षीण होते, पण शेजाऱ्यांचीही होते. त्यामुळे वन बीएचकेत एकाच खोलीत काम उरकणे उत्तम.

हिशेब सोपा आहे. चार एमबीचे पाच हजार फोटो म्हणजे २० जीबी. सेकंदाला ४० मेगाबिट वेग धरला तर त्यांना सुमारे ६७ मिनिटे लागतात, २०० मेगाबिट मिळाला तर १३ मिनिटे. ब्लूटूथवर सेकंदाला दोन मेगाबिट धरले तर २२ तास. म्हणून पहिला मोठा साठा रात्री चार्जिंगला लावून किंवा सरळ केबलने उतरवावा आणि रोजची भर वाय-फायवर सोडावी.

गुगल फोटोज किंवा आयक्लाउड पुरेसे नाही का?

एक प्रत म्हणून नक्कीच उपयोगी. पण गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून १५ जीबी मोफत मिळतात. आयक्लाउडवर पाच जीबी. शिवाय पुसण्याचा नियम इथेही तोच. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसला की तो क्लाउडवरूनही जातो आणि ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो. फोनची जागाच रिकामी करायची असेल तर ‘फ्री अप स्पेस’ वापरावे. ते फक्त फोनमधली प्रत काढते.

जोडणी झाल्यावर काय तपासावे?

कॅमेऱ्याने एक फालतू फोटो काढा. तो संगणकावर आला का पाहा. मग फोनमधून पुसा आणि संगणकावर त्याचे काय होते, तो परत मिळवता येतो का, ते बघा. दोन मिनिटांची ही चाचणी एखाद्या बिनमहत्त्वाच्या फोटोवर करावी. आमच्या घरी ती आजोबांच्या फोटोंवर झाली.