मुलाखतीला जाताना हिशेब पक्का हवा!

मागे मंचर परिसरातील एक बी.कॉम. झालेली मुलगी आमच्याकडे आली. पुण्यात ऑनलाइन मार्केटिंगच्या जागेसाठी तिची मुलाखत झाली होती. "काका, इंग्रजी कच्चे म्हणून नोकरी गेली," असे ती म्हणाली. आम्ही खोदून विचारले, तेव्हा खरे कळले. "जाहिरातीवर हजार रुपये घातले, फायदा की तोटा, कसे सांगाल?" या प्रश्नाला ती गप्प बसली होती. अहो, हा तर जमाखर्चाचा प्रश्न! तो आपल्या मुलांना का अडावा?

हिशेब असा मांडा

जुन्नर तालुका 2018 साली पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. समजा, तिथल्या एका घरगुती मुक्कामाची जाहिरात 10,000 वेळा दिसली. 200 जणांनी ती दाबली, म्हणजे 2 टक्के. हा झाला क्लिकचा दर. खर्च 1,000 रुपये, म्हणजे एका क्लिकला 5 रुपये. बुकिंग झाली 5, म्हणजे एका बुकिंगला 200 रुपये. मालकाला एका बुकिंगमागे 150 रुपयेच सुटत असतील, तर 250 रुपये तोटा. क्लिक भरपूर, तरी धंदा आतबट्ट्याचा! एवढे कागदावर मांडून दाखवता आले, तरी समोरचा माणूस सावरून बसतो.

जुन्या वह्यांवर विसंबू नका

गुगलची 'ॲडवर्ड्स' ही जाहिरात सेवा 2000 साली सुरू झाली. 2018 पासून तिचे नाव 'गुगल ॲड्स' आहे. ॲनालिटिक्सची जुनी पद्धत जुलै 2023 मध्ये बंद होऊन 'जीए फोर' आली. क्लासची हजारोंची फी भरण्याआधी गुगलचे 'स्किलशॉप' पाहा. तिथले अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्रे मोफत आहेत.

हातचे काम दाखवा

अनुभव नाही म्हणून खाली मान घालू नका. लेण्याद्रीला पुष्कळ लोक गणपतीसाठी येतात. पण तिथे सुमारे 30 बौद्ध लेणी आहेत आणि 6 व 14 क्रमांकाची लेणी चैत्यगृहे आहेत, हे कितीजणांना माहीत असते? त्यावर एक पान लिहा. कसे पोचावे, काय पाहावे, लोक कोणते शब्द टाकून शोधतात, याचा विचार करून मथळा द्या. पैसे न देता शोधात वर येण्याचे हे तंत्र म्हणजेच एसईओ. ते पान मुलाखतीत दाखवा.

सावध राहा

नोकरीसाठी आधी अनामत मागणारा, किंवा 'लाइक करा, पैसे कमवा' म्हणणारा मालक नव्हे, भामटा समजा. आईच्या मजुरीचा एक रुपयाही त्याला देऊ नका.

आदल्या दिवशी त्या कंपनीची वेबसाइट वाचून काढा. येत नसेल ते "येत नाही, शिकेन" असे सरळ सांगा. त्या मुलीला आम्ही हाच हिशेब चार वेळा लिहायला लावला. चौथ्या वेळी तिने आमचीच बेरजेतील चूक काढली. आता ती पुढच्या मुलाखतीला निघाली आहे.