पहिलीच गाडी जुनी स्पोर्ट्स कार? आधी खालून बघा!

नाशिकमध्ये एखादी जुनी 'सॅन स्टॉर्म' विकायला आली, तर तरुण मालक आधी रंग बघतो. गोव्यात तयार झालेल्या या दोन सीटच्या गाडीची बॉडी फायबरची, इंजिन रेनोचं. फायबर गंजत नाही. पण खालचे लोखंडी भाग आणि ब्रेकचे पाइप गंजतात. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून बघा.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने जुने रबरी पाइप खराब होऊ शकतात. ते वेळीच बदला, नाहीतर गळतीमुळे आग लागू शकते.

आणि कागदपत्रं? 'व्हिंटेज' नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते. त्याआधी, १५ वर्षांनंतर, दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून आरसीचं नूतनीकरण करावंच लागतं.