ब्रेक मऊ का लागतो?

चिपळूणला, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी गॅरेज चालवताना एक वाक्य मी वरचेवर ऐकतो. ‘ब्रेक लागतो हो, पण जरा मऊ लागतोय. थोडं ऑइल टाका, म्हणजे झालं.’ यातलं पहिलं वाक्य मी लक्ष देऊन ऐकतो. दुसरं मात्र मला दरवेळी खटकतं. पॅड झिजतात तसं टाकीतलं ब्रेक ऑइल हळूहळू खाली येतं, तेवढं स्वाभाविक आहे. त्याहून जास्त उतरलं असेल, तर ते गेलं कुठे हे आधी शोधायला हवं. आणि टाकी भरलेली असूनही पॅडल मऊ असेल, तर वरून ओतून काय होणार?

तुम्ही पॅडल दाबता तेव्हा मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ऑइल पुढे ढकलतो. बारीक नळ्यांतून तो दाब चारही चाकांपर्यंत जातो आणि पॅड डिस्कवर, लायनर ड्रमवर दाबले जातात. इंजेक्शनची सिरिंज पाण्याने भरून तिचं तोंड बोटाने बंद करा आणि दांडा दाबा. तो हलणार नाही. आता तिच्यात नुसती हवा भरून दाबा. दांडा आत जाईल आणि सोडल्यावर परत उसळेल. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की तुमच्या पायाखाली नेमकं हेच घडतं. जोर चाकापर्यंत पोचण्याऐवजी हवा दाबण्यात खर्च होतो.

पण प्रत्येक मऊ ब्रेक म्हणजे हवा नव्हे. गाडी सपाट जागी उभी करून पॅडल भराभर तीन-चार वेळा दाबून पाहा. ते वर येऊन घट्ट झालं, तर एक तर हवा आहे किंवा मागच्या ड्रममधले लायनर लांब गेले आहेत. हँडब्रेक ओढून पुन्हा दाबा. आता पहिल्याच दाबात पॅडल वर लागलं, तर दोष लायनरच्या सेटिंगचा समजा. तरीही ते स्प्रिंगसारखं उसळत असेल, तर हवा.

मग पाय स्थिर दाबून ठेवा. पॅडल हळूहळू खाली बसत गेलं, तर ऑइल कुठून तरी निसटतंय. चाकांच्या आतल्या बाजू पाहा, नळ्यांचे जोड पाहा, ड्रम काढून व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचला. तिच्याखाली ओल असता कामा नये. मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला बसतो, तिथली मागची बाजूही पाहा. तिकडे फारसं कुणी बघत नाही. सगळं कोरडं आहे, टाकीतली पातळीही उतरलेली नाही आणि तरी पॅडल बसतंय? मग मास्टर सिलिंडरच्या आतले रबर झिजलेत आणि ऑइल आतल्या आत मागे सरकतंय. अशा वेळी हवा काढत बसू नका. सिलिंडर बदला.

पाय दाबून ठेवून इंजिन चालू केल्यावर पॅडल किंचित खाली जातं, त्याने मात्र घाबरू नका. तो बूस्टर काम करत असल्याचा पुरावा आहे.

आमच्या कोकणात सगळ्यात फसवी तक्रार निराळीच. घाट उतरताना पॅडल मऊ झालं आणि चहा पिऊन येईपर्यंत ठीक झालं! ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही. त्यात पौणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हाच आकडा १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. उतारावर सतत ब्रेक दाबून डिस्क तापते, ऑइल उकळतं, नळीत वाफ होते आणि वाफ हवेसारखीच दबते. थंड झाल्यावर सगळं पूर्ववत, म्हणून चालक हसून निघून जातो. पुढच्या घाटात तेच पॅडल तळाला टेकू शकतं. गॅरेजमध्ये थंड गाडी तपासून हा दोष सापडत नाही, म्हणून ‘घाटात काय झालं?’ हे मी खोदून विचारतो. उपाय म्हणजे दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलणं, आणि ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरणं.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सैल करून पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत जाऊ द्यायचे. निपल घट्ट झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. साधारणपणे लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण काही गाड्यांत क्रम निराळा असतो, तेव्हा पुस्तिका पाहा. टाकी मधे रिकामी होऊ देऊ नका. जुन्या गाडीत पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. एरवी दट्ट्या कधी न गेलेल्या गंजक्या भागात जातो आणि रबर कापतो. कॅलिपर चुकून डावा-उजवा बसवला, तर निपल खाली येतं. मग दिवसभर पंप मारा, हवा निघणार नाही. एप्रिल २०१९ पासून भारतात सगळ्या नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक आहे. त्याच्या युनिटमध्ये हवा शिरली, तर ती काढायला बहुधा स्कॅनर जोडावा लागतो.

आणि ‘ऑइल’ या शब्दाने घात होतो तो असा. कुणीतरी घरच्या डब्यातलं इंजिन ऑइल ब्रेकच्या टाकीत ओततं. त्याने आतले सगळे रबर फुगतात. झाकणाखालचा रबर फुगलेला, वेडावाकडा दिसला, तर मी ती गाडी चालवत नेऊ देत नाही. नुसतं धुऊन भागत नाही. मास्टर सिलिंडर, कॅलिपर, व्हील सिलिंडर, होजपाइप, जिथे जिथे रबर आहे ते सगळं बदलावं लागतं. चमचाभर ऑइलच्या मानाने हा खर्च फार मोठा आहे, पण त्यात घासाघीस करायला जागा नाही.